माप कोणाच्या हातात?
दूधदराच्या इतिहासाचा एक शोध

आई गेल्यानंतर घर आवरताना पत्र्याच्या एका डब्यात दुधाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा सापडला. दहा दहा दिवसांच्या बिलांना टाचणीने लावलेल्या, काही पिवळ्या पडलेल्या, काहींची शाई पार उडालेली. चिठ्ठ्यांवर रकाने तेच: तारीख, सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट, डिग्री, एसएनएफ, दर, रक्कम. बिलाच्या तळाशी कपात: पेंड, उचल. आईला लिहायला-वाचायला जेमतेम येई. पण ज्या दिवशी फॅट उतरली असेल, त्या दिवसाच्या चिठ्ठीचा कोपरा तिने दुमडून ठेवला होता. अशा दुमडलेल्या चिठ्ठ्या बऱ्याच होत्या.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, मिळतील ती गॅझेटियर, अहवाल, जुने अंक वाचत आलेला पंढरपूरचा एक वाचक आहे. तो गठ्ठा चाळताना एक साधी गोष्ट पहिल्यांदाच लक्षात आली. चिठ्ठीवरचा प्रत्येक रकाना विकत घेणाऱ्याने भरलेला होता. दूध आमचे, म्हैस आमची, पहाटे चारला उठणारी आई आमची. पण दूध किती, कसे आणि किती रुपयांचे, हे तिन्ही आकडे समोरच्याचे. बाजारात भाजी विकणारी बाईसुद्धा तराजू आपल्या हातात धरते. दूध विकणाऱ्याच्या हातून माप कधी आणि कसे गेले, याचा शोध घ्यावा असे तेव्हापासून मनात होते. हा लेख म्हणजे त्या शोधाची आजवरची मांडणी.

दारात पिळलेले दूध

आमच्या गावाचे नाव एका म्हशीला आहे. पंढरपुरी म्हैस ही सोलापूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातली मान्यताप्राप्त जात. तलवारीसारखी लांब, मागे खांद्यापलीकडे गेलेली शिंगे, लांबट चेहरा, अंग आटोपशीर. कमी वैरणीवर तग धरणारी आणि वेळेवर गाभण राहणारी म्हणून तिची ख्याती. विठ्ठलाचे नातेही गोपालकांशी जुने आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या दैवताची मुळे गवळी-धनगरांच्या जीवनात शोधली आहेत. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो आणि मगच पालख्या परतीची वाट धरतात.

या म्हशीने नाव काढले ते मात्र कोल्हापुरात. तिथले गवळी म्हशी घेऊन गंगावेशीसारख्या कट्ट्यांवर येतात आणि गिऱ्हाईक पेला घेऊन उभे असताना त्याच्या डोळ्यांदेखत धार काढतात. आजही हे दृश्य पाहायला मिळते. इकडे लोक त्याकडे कौतुकाने पाहतात, मला त्यात व्यवहाराची एक पद्धत दिसते. दूध कोणत्या म्हशीचे, त्यात पाणी आहे की नाही, माप भरले की नाही, हे विकणारा आणि घेणारा एकाच वेळी पाहतात. माप दोघांच्या मध्ये असते. दरावरून घासाघीस होते, पण दुधावरून वाद होत नाही.

या पद्धतीला मर्यादा होती. म्हैस जिथवर चालत जाईल तिथवरच हे दूध विकले जाणार. खेड्यातल्या घरांना गिऱ्हाईकच जवळ नव्हते. त्यांचा मार्ग वेगळा होता. दुधाचे विरजण, विरजणाचे लोणी, लोण्याचे तूप. ताक घरात राही, पोराबाळांच्या आणि शेजारणीच्या वाट्याला येई; तूप आठवडी बाजारात जाई. दुधाला काही तासांचे आयुष्य, तुपाला काही महिन्यांचे. या सोमवारी भाव पटला नाही तर तुपाचे भांडे परत घरी आणता येई.

तुपाने तेव्हाची शेतकरीण श्रीमंत झाली असे मला म्हणायचे नाही. व्यापारी तिथेही होताच, आणि त्याचे मापही सरळ असेच असे नाही. पण तिच्याकडे थांबण्याची ताकद होती. दुधाच्या दराचा सगळा इतिहास मला या दोन गोष्टींभोवती फिरताना दिसतो: माप कोणाच्या हातात, आणि थांबू कोण शकतो.

पंधरा दिवसांचा संप

ही ताकद गेल्यावर काय होते, याचा पहिला मोठा धडा आपल्याच जुन्या मुंबई प्रांतात घडला. तेव्हा गुजरातचा खेडा जिल्हा याच प्रांतात होता. आणंदला पेस्तनजी एदलजी यांच्या पोल्सन कंपनीची लोण्याची डेअरी १९३० पासून होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईला दुधाची टंचाई भासू लागली. १९४५ मध्ये सरकारने ‘बॉम्बे मिल्क स्कीम’ सुरू केली आणि आणंदहून दूध गोळा करून मुंबईला धाडण्याचे काम पोल्सनला दिले. मुंबईच्या गिऱ्हाइकाची सोय झाली, कंपनीला हमखास बाजार मिळाला. शेतकऱ्याला मात्र ताजे दूध घेणारा एकच उरला. कंपनी आणि तिचे ठेकेदार देतील तो दर, सांगतील ती प्रत.

शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. त्यांचा सल्ला होता की स्वतःची सहकारी संस्था काढा, आणि सरकार ऐकत नसेल तर दूध देणे बंद करा. त्यांनी मोरारजी देसाई यांना पाठवले. ४ जानेवारी १९४६ रोजी सामरखा गावी सभा झाली आणि ठराव झाला. पंधरा दिवस खेड्याचे दूध मुंबईला गेले नाही. शेवटी सरकार नमले. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष. पुढे यालाच ‘अमूल’ हे नाव मिळाले.

ही कथा आपण यशोगाथा म्हणून ऐकतो. मला तिच्यातली दोन तपशिलांची कामे महत्त्वाची वाटतात. पहिले म्हणजे गावोगावच्या संस्थेत दूध मोजणारा आणि फॅट तपासणारा माणूस सभासदांच्या संस्थेचा नोकर झाला. माप घरी आले. दुसरे काम १९५५ साली झाले. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत असताना वर्गीस कुरियन आणि त्यांचे सहकारी एच. एम. दलाया यांनी आणंदला ती करून दाखवली. पावसाळ्यानंतरच्या पुष्ट काळात दूध जास्त होते, उन्हाळ्याच्या कृश काळात कमी. जास्तीच्या दुधाची भुकटी करून ठेवता आली की दर पाडून विकण्याची गरज उरत नाही. आजीच्या तुपाच्या भांड्याचे काम आता भुकटीचा कारखाना करू लागला, आणि कारखाना शेतकऱ्यांच्या मालकीचा होता. थांबण्याची ताकदही परत आली.

सरकारी दराची वर्षे

महाराष्ट्राची वाट निराळी झाली. इथे सुरुवात शहरापासून झाली. मुंबईतले म्हशींचे गोठे बाहेर काढून गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली ती १९४९ मध्ये, दारा खुरोडी यांच्या कर्तृत्वाने. (१९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून देण्यात आला.) दूधकार्डे, काचेच्या बाटल्या, पहाटेची आरेची केंद्रे हे सारे मुंबईकरांच्या आठवणीत आहे. या व्यवस्थेचा पहिला हेतू शहराला परवडणारे, शुद्ध दूध मिळावे हा होता. तो रास्तच होता. पण दर ठरवताना एका पारड्यात शहरातले लाखो ग्राहक आणि दुसऱ्यात विखुरलेले उत्पादक असले, की पारडे कोणीकडे झुकते हे सांगायला नको.

तरीही या काळाने ग्रामीण महाराष्ट्राला पुष्कळ दिले. शासकीय दूध योजनांची शीतकरण केंद्रे तालुक्यांत उभी राहिली. १९६३ मध्ये कोल्हापूर जिल्हा संघ, म्हणजे आजचा गोकुळ, स्थापन झाला. १९६८ मध्ये वारणेचा. १९६७ मध्ये राज्याचा महासंघ, म्हणजे महानंद. आमच्या जिल्ह्यात सोलापूर जिल्हा संघाने ‘दूध पंढरी’ हे नाव घरोघरी नेले. मणिभाई देसाई यांच्या बाएफने उरुळीकांचनहून संकरित गायींचा प्रसार केला. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, पंढरपूर-माळशिरसकडे ऊस आला, उसाबरोबर वाढे आले, आणि गोठ्यात पंढरपुरी म्हशीच्या जागी काळी-पांढरी गाय उभी राहिली. दूध वाढले. पण हे दूध पातळ, फॅट कमी. घरी तूप करायला परवडणारे नाही. ते टँकरमध्येच जायला हवे, आणि रोज जायला हवे. घरात दुधाचा पैसा आला, त्याच पावलांनी थांबण्याची सोय गेली.

सरकार दर जाहीर करी आणि त्या दराने स्वतः दूध घेई. सरकारी दराला जोर होता तो या दुसऱ्या गोष्टीमुळे. खासगी गवळ्याने कमी दर दिला तर दूध सरकारी केंद्रावर नेता येत असे. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढची सगळी गुंतागुंत इथून सुरू होते.

चौकट सैल झाली

१९९१ च्या उदारीकरणात दुग्धप्रक्रिया परवानामुक्त झाली. सहकारी संघांच्या तक्रारींनंतर जून १९९२ मध्ये केंद्राने दूध व दुग्धपदार्थ आदेश काढून मोठ्या प्रकल्पांना पुन्हा नोंदणीच्या कक्षेत आणले आणि प्रत्येकाचे संकलनक्षेत्र आखून दिले. २००२ मध्ये क्षेत्राचे हे बंधन उठले. कोणीही कुठूनही दूध घ्यावे. शेतकऱ्याला अनेक गिऱ्हाइके मिळतील, स्पर्धा वाढेल, दर वाढेल, अशी अपेक्षा होती. काही वर्षे, काही भागांत तसे झालेही. खासगी डेअरीने वेळेवर पैसे दिले, पशुखाद्य दारात आणून दिले. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण याच काळात सरकारी योजना आटत गेल्या आणि अनेक जिल्हा संघ आतून पोकळ झाले. त्याचा दोष बाहेरच्यावर टाकता येणार नाही. संघाची खुर्ची ही साखर कारखाना आणि बँकेसारखीच राजकारणाची पायरी झाली. सभासद सभेला सही करायला आणि जेवायला जाऊ लागला. नोकरभरती, वाहतुकीचे ठेके, थकीत बिले यांत संघ रुतले. संस्था आपली असूनही माप हातून कसे जाते, ते आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले. महानंदचा कारभारसुद्धा २०२४ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोपवण्याची वेळ आली.

परिणाम असा की सरकारने दर जाहीर करण्याची प्रथा राहिली, त्या दराने दूध घेणारे सरकार राहिले नाही.

कागदावरचा दर

१ जून २०१७ रोजी पुणतांब्याहून शेतकरी संप सुरू झाला. त्यानंतर सरकारने गायीच्या दुधाचा दर २४ वरून २७ रुपये आणि म्हशीच्या दुधाचा ३३ वरून ३६ रुपये केला. सहकारी संघांना सहकार कायद्याखाली जाब विचारता येत होता. खासगी डेअऱ्यांवर तसा हात नव्हता. भुकटीचे भाव पडले आणि वर्षभरात गायीचे दूध २० रुपयांच्या आतबाहेर आले.

जुलै २०१८ मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटनेने मुंबईचे दूध रोखले. आंदोलनाची सुरुवात पंढरपुरात विठ्ठलाला दुधाचा अभिषेक घालून झाली. आषाढी तोंडावर होती, वाटेवर पालख्या होत्या. मागणी होती लिटरला ५ रुपये थेट शेतकऱ्याच्या खात्यावर. नागपूर अधिवेशनात तोडगा निघाला: डेअरीने २५ रुपये द्यावेत, त्यासाठी ५ रुपये अनुदान डेअरीला. मागणी उत्पादकाच्या खात्याची होती. पैसा प्रक्रिया करणाऱ्याच्या हातून आला. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले, चहाच्या टपऱ्या बंद झाल्या, दर पुन्हा कोसळला, पुन्हा आंदोलन झाले.

जुलै २०२३ मध्ये ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गायीच्या दुधाला ३४ रुपये दर ठरला. काही महिन्यांत तो २७ च्या घरात उतरला. जानेवारी २०२४ मध्ये डेअरीने २७ द्यावेत, सरकार ५ देईल असे ठरले. जुलै २०२४ मध्ये ३० अधिक ५. ऑक्टोबर २०२४ पासून २८ अधिक ७. हे आकडे नुसते ओळीने मांडले तरी एक गोष्ट दिसते. डेअरीने द्यायचा दर ३४, २७, ३०, २८ असा राहिला, आणि सरकारी तिजोरीचा वाटा शून्य, ५, ५, ७ असा वाढला. शेतकऱ्याच्या हातात शेवटी ३५ पडले असतील, तर त्याचे स्वागतच आहे. पण तो दर बाजाराकडून मिळाला नाही, करदात्याकडून मिळाला. अनुदान बंद झाले की मागे २८ च उरतात. शिवाय गायीच्या कानातला बिल्ला, बँक खाते, भरलेली माहिती यांतले काही चुकले तर तेही पोहोचत नाही.

ऊस आणि दूध

आमच्या तालुक्यात एकाच शेतकऱ्याच्या घरातून ऊस कारखान्यावर जातो आणि दूध डेअरीवर. दोन्ही नाशवंत, दोन्हीला घेणारा मोठा आणि विकणारा लहान. पण उसाला १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. किमान दर केंद्र ठरवते, पैसे १४ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, आणि थकवले तर जमीनमहसुलाप्रमाणे वसुली. कारखाने तरीही थकवतात, हे आम्हाला कोणी सांगायला नको. तरी शेतकऱ्याला भांडायला हातात एक कागद असतो. दुधाला असा कायदा नाही. शासन निर्णय निघतो, पाळला नाही तर काय, याचे उत्तर त्यात नसते.

याचे एक कारण मला गोठ्यातच दिसते. उसाची नोंद पुरुषाच्या सातबाऱ्यावर असते आणि कारखान्याची सभा पुरुषांनी भरते. दुधाचे काम बहुतांशी बाईचे. शेण काढणे, वैरण, धार, केंद्रापर्यंत किटली. बिल मात्र पुष्कळदा नवऱ्याच्या नावावर. जिचे श्रम ती सभेत नाही, म्हणून तिचा प्रश्नही सभेत उशिरा येतो.

बाहेरच्या जगात हा पेच आहे का? आहे. इंग्लंडमध्ये एकेकट्या शेतकऱ्याला मोठ्या डेअरीपुढे बोलता येत नाही म्हणून १९३३ मध्ये दूध विपणन मंडळ निघाले. सगळ्यांचे दूध मंडळ घेई, तेच सौदा करी. १९९४ मध्ये ते मोडीत निघाले. शेतकरी पुन्हा एकेकटा झाला आणि पुढची अनेक वर्षे आंदोलनांत गेली. शेवटी २०२४ मध्ये त्या देशाने दूधखरेदीच्या कराराचे नियम केले. करार लेखी हवा, दर कसा ठरतो ते त्यात लिहिलेले हवे, घेणाऱ्याने मनाला येईल तेव्हा एकतर्फी बदल करायचा नाही. त्यात दराचा आकडा सरकार ठरवत नाही, दर ठरवण्याची रीत उघडी करते. शेजारच्या कर्नाटकाने २००८ पासून सहकारी संघाला दूध घालणाऱ्यांना थेट प्रोत्साहन अनुदान दिले, आणि तिथले संघ टिकून राहिले.

मापातला बारीक हिशेब

आता पुन्हा आईच्या चिठ्ठ्यांकडे. दराच्या गर्जना मुंबई-नागपुरात होतात, पण पैसा कमी होतो तो चिठ्ठीच्या मधल्या रकान्यांत.

काटा १०० मिलीच्या टप्प्याने दाखवत असेल, तर ४ लिटर ९० मिली दूध ४ लिटरच दिसते. प्रत्येक वेळी सरासरी ५० मिली सुटले असे धरले, तरी दिवसाला दोनदा म्हणजे वर्षाला ७३० वेळा. साडेछत्तीस लिटर दूध कोणत्याही रकान्यात न लिहिता गेले. १० मिली दाखवणारा काटा बसवला की हे थांबते.

डिग्रीवरून एसएनएफ काढण्याचे सूत्र असेच. डिग्रीला ४ ने भागायचे, फॅटची पाव पट मिळवायची, आणि शेवटी एक ठराविक आकडा. डिग्री २९, फॅट ३.५ आणि शेवटचा आकडा ०.४४ धरला तर एसएनएफ येते ८.५७, दूध पास. तोच आकडा ०.३६ धरला तर येते ८.४९, दूध ८.५ च्या खाली, दर कापला. दूध तेच, गाय तीच. हा आकडा निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा धरला जातो, आणि यंत्रात कोणता भरला आहे हे किटली घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला कोणी सांगत नाही. आईच्या दुमडलेल्या कोपऱ्यांत खरोखर म्हशीचा दोष किती होता, हे आता कळायला मार्ग नाही.

वर उचल आणि पेंडीची उधारी. बिलातून कपात चालू असली की केंद्र बदलता येत नाही. गावात चार केंद्रे आहेत, स्पर्धा आहे, असे आपण म्हणतो. उधारीत अडकलेल्या घराला गिऱ्हाईक एकच असते. आणंदला १९४५ मध्ये जे एका सरकारी ठेक्याने झाले, ते इथे पेंडीच्या पोत्याने होते.

म्हणून दर वाढवून मागताना तीन साध्या गोष्टी त्याच्या आधी मागाव्यात, असे मला वाटते. काटा आणि यंत्र तिऱ्हाइताने तपासलेले असावे आणि सूत्र भिंतीवर लिहिलेले असावे. दरकपात करायची तर आधी लेखी सूचना द्यावी. आणि जाहीर किमान दर न पाळल्यास वसुली कशी होईल, हे कायद्यात असावे, जसे उसाला आहे. यांतल्या पहिल्या गोष्टीला सरकारची वाटही पाहावी लागत नाही. गावातल्या वीस घरांनी एकत्र जाऊन विचारले तरी पुरे.

दिवाळीत चांगले चालणारे संघ सभासदांना दूध दर फरक देतात. ज्यांना यंदा तो मिळाला असेल, त्यांनी तो कोणत्या हिशेबाने निघाला हे जरूर विचारावे. ज्यांना मिळाला नाही, त्यांनी वर्षभराच्या चिठ्ठ्या टाकून देऊ नयेत. आईने ठेवल्या होत्या, म्हणून मला एवढे तरी लिहिता आले.